वळणावरचा आवाज

तिने चाकावरच्या पोकळीत हात घातला आणि टायरच्या आतल्या कडेवरून बोटं फिरवली. बाहेरून टायर चांगला धडधाकट दिसत होता. आत मात्र तो पार गुळगुळीत झाला होता, आणि त्याच्याही आत काहीतरी टोचलं. तिने हात बाहेर काढला. बोटाला लागलेल्या काळ्या भुकटीत रक्ताचा एक ठिपका फुगत होता.

"तार आहे ती," मागून लंबू म्हणाला. "हात नका घालू, वहिनी. मला दिसतंय."

"दिसतंय तर बोला की मग."

लंबूने व्हॅनभोवती एक चक्कर मारली, काचेतून आत बसलेल्या तिच्या लहान पोरीला सलाम ठोकला आणि पुन्हा चाकापाशी येऊन उकिडवा बसला. तो तिच्या नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र. अंगाने ताडमाड आणि धंदा लोकांच्या गाड्या बुटक्या करून देण्याचा. या विनोदाला तो इतका कंटाळला होता, की हल्ली दुसऱ्या कुणी करण्याआधी स्वतःच करून मोकळा व्हायचा. ही व्हॅनही त्यानेच खाली बसवलेली. मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा घालायला दोघे मित्र एक अख्खा रविवार गाडीखाली उताणे पडले होते, आणि संध्याकाळी बाहेर आले ते अवघड बाळंतपण पार पाडल्यासारखे, ग्रीसने माखलेले आणि हसत. त्यानंतर वर्षभराने तिचं खरं बाळंतपण झालं, तेव्हाही नवऱ्याचा चेहरा अगदी तसाच होता, हे तिने लंबूला कधी सांगितलं नव्हतं.

"सरळ जायचं तर स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं," ती म्हणाली. "जरा सैल सोडलं की गाडी फुटपाथकडे ओढते."

"आणि घासते कधी?"

"आधी गल्लीच्या वळणावर तेवढी घासायची. आता खड्ड्यातही घासते. आणि ही मागे बसलेली असते."

लंबूने मान हलवली. खाली बसवलेली गाडी थोडी घासणार हे दोघे मित्र धरूनच चालले होते, पण टायरची तार दिसेपर्यंत नाही. दोन मार्ग होते. नवे टायर घालायचे, अलाइनमेंट करायचं, आतलं प्लॅस्टिक थोडं कापायचं आणि गाडी अशीच ठेवायची. मग वळणावर ती घासणारच, टायरही पुन्हा खाणार. नाहीतर जुन्या स्प्रिंगा परत घालायच्या.

"मोडीत घाल म्हणाला होता तो. माझा जीव झाला नाही. माळ्यावर आहेत अजून." त्याने वर बोट केलं. "त्या घातल्या की गाडी मूळच्या उंचीवर. आवाज संपला."

आवाज संपला. तिने बोट रुमालाला पुसलं. मग पुन्हा पुसलं.

तो आवाज म्हणजे खर्र. गल्लीचं वळण इतकं अरुंद, की तिथे चाक पूर्ण फिरवावंच लागे आणि टायर आतल्या प्लॅस्टिकला घासे. नवरा घरी होता तेव्हा गाडी दिसायच्या आधी ती खर्र ऐकू यायची. ती तान्ह्या पोरीला घेऊन खिडकीशी जायची आणि तिच्या कानात म्हणायची, "बाबा आले." मग तो परगावच्या कामावर गेला, आधी थोड्या दिवसांसाठी, नंतर आणखी थोड्या. व्हॅन ती चालवू लागली. पाळणाघर, ऑफिस, पाळणाघर, घर. वळणावर खर्र झाली की मागून पोर म्हणायची, "बाबा." आणि तो दुसऱ्या पाळीतल्या जेवणाच्या सुट्टीत नेमका त्याच वेळी फोन करायचा. फोन समोर अडकवलेला असायचा, स्पीकर चालू. "थांब, बोलू नकोस," तो म्हणायचा. "वळू दे आधी." खर्र झाली की तिकडून एक श्वास ऐकू यायचा. "पोचलो घरी," तो म्हणायचा.

कालच्या फोनवर तिने टायरचं सांगितलं होतं. त्याचं उत्तर तिला पाठ होतं. गळका नळ, बाल्कनीची जाळी, पोरीचा पहिला मोठा पलंग, सगळ्याला त्याच्याकडे एकच वाक्य होतं.

"त्याला विचारलंत?" लंबूने विचारलं.

"विचारलं."

"काय म्हणाला?"

"आल्यावर बघतो."

लंबूने हातातला पाना खाली ठेवला. "मलाही तेच म्हणतो," तो म्हणाला. "आल्यावर बसू, आल्यावर बोलू." मग उगाच मोठ्याने हसला. "चार महिन्यांचं ते बोलणं साठलंय, वहिनी. आला की पहिले आठ दिवस तुम्हाला काही मिळायचा नाही तो."

आत पोरीने बिस्किटाचा चुरा काचेला फासला. तिची पावलं समोरच्या सीटच्या पाठीवर ढोलकी वाजवत होती. उजव्या बाजूची सीट, तिच्याखालचं चाक, त्या चाकाची तार. काल रात्री, तार ठाऊक नसतानाही, अंथरुणावर पडल्या पडल्या तिने हेच मोजमाप करून पाहिलं होतं.

"घाला जुन्या," ती म्हणाली.

"नक्की?"

"आता परत विचारू नका. माझा विचार बदलेल."

लंबूने परत विचारलं नाही. तो शिडी घेऊन माळ्यावर गेला. गाडी जॅकवर चढली, चाकं निघाली, जुन्या स्प्रिंगा गोणपाटातून बाहेर आल्या. पोर तिच्या कडेवरून हे सगळं पाहत होती आणि नटबोल्ट पडला की प्रत्येक वेळी "पडलं" असं जाहीर करत होती. नव्या टायरांना दुकानाचा कोरा वास होता. गाडी खाली उतरली तेव्हा ती तिला परकी वाटली, उंच टाचा घातलेल्या पाहुण्या बाईसारखी.

मग अलाइनमेंटच्या रॅम्पवर लंबू म्हणाला, "या, बसा आता."

"मी कशाला?"

"माझी पद्धत आहे. जो चालवणार त्याला बसवूनच चाकं सरळ करायची. वजनाने गाडी कलते ना थोडी. मागच्या वेळी तुमच्या भीमासारख्या नवऱ्याला बसवलं होतं. त्याच्या मापाची गाडी तुम्ही चालवताय, तिचाही थोडा गोंधळ उडणारच." तो थांबला. "का त्याच्याच वजनाच्या गोण्या ठेवू? तो येणार असेल लवकर, तर तसं करू."

"गोण्या नकोत," ती म्हणाली.

तिने पोरीला मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, ओढून पाहिला, आणि पुढे येऊन बसली.

"ही उशी कशाला?" लंबूने वाकून विचारलं.

"पाठीला."

"पाठ दुखते?"

"नाही. सीट मागे आहे."

लंबूने तिच्या पायांकडे पाहिलं. ब्रेकवर तिच्या चपलेचं नुसतं टोक टेकलं होतं. सीट अजून तिच्या नवऱ्याच्या लांब पायांच्या मापावर होती, तो शेवटचा उतरला तेव्हा होती तिथेच. तो काहीतरी टोचून बोलेल म्हणून ती तयारीत होती. पण तो नुसता सरळ उभा राहिला आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "रोज जसं बसायला हवं तसं बसा. मग मी मोजतो."

तिने उशी काढून शेजारच्या सीटवर ठेवली. सीटखालची दांडी गंजल्यासारखी घट्ट झाली होती. दोन्ही हातांनी ओढावी लागली. सीट हिसका देऊन सुटली आणि खटखट करत पुढे सरकली. अख्खं पाऊल ब्रेकवर बसलं. मागे पोरीच्या पावलांची ढोलकी थांबली. तिने आरशात पाहिलं. पोर पाय ताणून सीटची पाठ शोधत होती, आणि ती सापडत नव्हती.

घरी परतताना रस्ता सरळ होता आणि स्टिअरिंगही. इतकं सरळ, की तिचे हात सवयीने वाकडे जात आणि तिला ते परत आणावे लागत. खड्डा आला, गेला. काहीच घासलं नाही. गल्ली जवळ आली तसा फोन वाजला.

"थांब," तो म्हणाला. "वळू दे आधी."

तिने वेग कमी केला. चाक पूर्ण फिरवलं. व्हॅन वळणातून अलगद निघाली, मुकाट. फोनमध्ये त्याच्याकडची भांड्यांची खडखड ऐकू येत होती. तो वाट बघत होता. मागे पोरही मान पुढे काढून वाट बघत होती.

"खर्र," पोर म्हणाली.

तिने गाडी घरासमोर उभी केली.

"नीट झाली?" शेवटी त्याने विचारलं.

"झाली. जुन्या स्प्रिंगा घातल्या." तिने इंजिन बंद केलं. "सीट पण पुढे घेतली."

भांड्यांचा आवाज लांब गेला. तो उठून कुठेतरी बाहेर आला असावा.

"पाय पोचतात?"

"पोचतात."

"बरं," तो म्हणाला. "राहू दे तशीच. आल्यावर मी शेजारी बसेन."

फोन ठेवल्यावर तिने शेजारच्या सीटवरची उशी उचलली, सीट हाताने झटकली आणि मागे वळून उशी पोरीच्या पायांशी उभी खोवली. पावलांना काहीतरी सापडलं. ढोलकी पुन्हा सुरू झाली.