नरसाळ्याने ओतलेले डिझेल

पत्नीच्या वाहनपरीक्षेच्या दिवशी आमच्या पेट्रोलच्या गाडीवर जो प्रसंग ओढवला, तो मी सत्यास स्मरून निवेदन करीत आहे.

पेट्रोल पुन्हा महागले होते, डिझेल त्याहून स्वस्त होते. पंपावरील डिझेलची नळी टाकीच्या तोंडात बसेना, म्हणून मी डबाभर आणून नरसाळ्याने ओतले. परीक्षेच्या मैदानात गाडीने दोन आचके दिले व ती निश्चल झाली.

"बाई, आता काय कराल?" परीक्षकांनी विचारले.

पत्नीने उतरून टाकीचा वास घेतला व कुंपणापाशी उभ्या माझ्याकडे पाहिले. "साहेब, गाडी शहाणी आहे. डिझेल ह्यांनी ओतलंय."

परीक्षकांनी स्वतःच्या गाडीवर तिची परीक्षा घेतली. ती उत्तीर्ण झाली. मग त्यांनी माझा परवाना पाहायला मागितला.

वाचल्याबद्दल आभारी आहे.

आपला नम्र,
नाना (हल्ली शेजारच्या आसनावर)