खंडेनवमीचा नारळ

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. असेन तळहाताएवढी, पण मित्रांनो, एका म्हातारीचं सगळं गाणं मी पोटात सांभाळलं आहे, आणि त्याचा मला भारी अभिमान वाटतो.

१९९६ साली मी इस्लामपूरला लालासाहेबांच्या छापखान्यात आले. लालासाहेब फौजेतून निवृत्त झालेले. दीक्षा तिथे टायपिंग करायची. तिच्या आजी बाळाबाई जात्यावर स्वतः ओव्या रचायच्या. दीक्षाने त्या ऐकून ऐकून थेट माझ्यावर उतरवल्या. पुढे आजींना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. ओव्या उरल्या त्या फक्त माझ्याकडे. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, विहारात त्यांचं पुस्तक निघायचं ठरलं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. लालासाहेबांनी यंत्रांना हळदकुंकू वाहिलं आणि ट्रॅक्टरवर फोडतात तसा नारळ चालू कॉम्प्युटरच्या डब्यावरच फोडला! माझी तबकडी तेव्हा गरगर फिरत होती. वाचणारं टोक तिच्यावर आपटलं आणि एक कप्पा कायमचा बिघडला. तोही नेमका अनुक्रमणिकेचा. ओव्या जागच्या जागी होत्या, पण कुठली कुठे आहे हे सांगणारं पानच गेलं. पडद्यावर एकही फाइल दिसेना.

सांगलीहून मेकॅनिक धैर्यशील आला. "फॉरमॅट मारू. सगळं पुसलं की मशीन चालू हुईल."

दीक्षाने कीबोर्डच ओढून घेतला. "पुसायचं न्हाई! माझ्या आजीचा आवाज हाय त्यात."

"पोरी, माझ्या हातनं लय वंगाळ झालं गं," लालासाहेब कपाळाला हात लावून बसले.

धैर्यशील वरमला. "थांबा. डिस्क अनुक्रमणिका दोनदा लिहून ठेवती. दुसरी प्रत बघू."

ती तर माझी जन्मजात सवय! बिघडलेला कप्पा टाळून त्याने दुसरी प्रत उघडली, आणि मी एकेक ओवी बिनचूक हाती दिली. दीक्षाने त्या फ्लॉपीवर घेतल्या. लगोलग दुसऱ्या कॉम्प्युटरवरून छपाई सुरू झाली.

दसऱ्याला विहारात दीक्षाने पहिली ओवी वाचली:

"नातीच्या गं हातामंदी आली पाटी नि लेखणी,
जात्या, इसावा घे रं, शिकली माझी देखणी."

बाळाबाईंचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण शब्द तेच होते. हे मला दीक्षानेच येऊन सांगितलं.

आता मी लालासाहेबांच्या कपाटात असते. खंडेनवमीला ते मला नुसतं फूल वाहतात आणि नारळ बाहेर दगडावर फोडतात. मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण जिवापाड जपलेलं काहीही एकाच ठिकाणी ठेवू नका. माझ्यापाशी अनुक्रमणिकेची दुसरी प्रत होती, म्हणून बाळाबाईंना आपली ओवी परत ऐकता आली.