आठ पावलांचा पाइप

"पंधरा? आरं, पंधरा कसं व्हईल?"

हौसरावांनी दुर्बिणीवरून डोळा काढला आणि बंदुकीकडे असं रागानं पाहिलं, जणू तिनंच पंचांसमोर खोटी साक्ष दिली होती.

मांडवगण फराट्याच्या शिवारात त्यांची लहानशी पोल्ट्री होती, आणि शेडात घुशी माजल्या होत्या. खाद्याची पोती फोडत, पिल्लं ओढून नेत. हौसरावांकडे छर्ऱ्याची जुनी बंदूक होती, पण हल्ली नेम चुकायला लागला होता. म्हणून सणसवाडीच्या कंपनीत असलेल्या विक्रमनं, त्यांच्या मुलानं, ही डिजिटल दुर्बीण आणून दिली. बटण दाबलं की समोरची वस्तू किती मीटरवर आहे ते पडद्यावर उमटायचं आणि नेमाची फुली तेवढी आपोआप सरकायची.

सकाळपासून हौसराव त्यातच गुंतले होते. बंदुकीच्या पाठीवरच्या खाचेत पट्टे बसवले, वाकड्या किल्लीनं स्क्रू आवळले, शेडच्या कोपऱ्यापासून चोवीस पावलं मोजून डबा मांडला. चोवीस पावलं म्हणजे अठरा मीटर. आणि हे यंत्र पंधरा म्हणत होतं!

हौसरावांच्या पावलावर शंका घ्यायची गावात पद्धत नव्हती. पाइपलाइन टाकायची तर आधी त्यांना बोलावणं जायचं. ते धोतर सावरून विहिरीपासून निघायचे, मागं दहाजण मुकाट चालायचे. सहा मीटरचा एक पाइप म्हणजे हौसरावांची आठ पावलं. शेवटी ते नुसता नगांचा आकडा सांगायचे आणि दुकानातून तेवढेच नग यायचे. चाळीस वर्षं हे चाललं होतं. उद्या सकाळी बाळासोंच्या नव्या बोअरची लाइन मोजायची होती.

त्यांनी स्क्रू सोडून दुर्बीण पुन्हा बसवली. पंधरा. सेल काढून धोतराला पुसले. पंधरा. टोपी उलटी घालून पाहिली, हे मात्र कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शेवटी विक्रमला फोन लावला.

"तुझी दुर्बीण बिघडल्याली हाय. तीन मीटर खाती."

"आप्पा, लेझर हाय त्ये. चुकत न्हाई. तुम्ही परत मोजा."

"म्हंजी मी चुकतो व्हय रं?"

"तसं न्हाई आप्पा," विक्रम म्हणाला. त्यांनी फोन ठेवला आणि परत मोजलं. चोवीसच भरली. डोकं गरगरायला लागलं. दोन खरी माणसं समोरासमोर उभी राहून उलटसुलट सांगत असली तर माणसानं ऐकायचं कुणाचं?

सिंधूबाई, त्यांची बायको, पिल्लांना पाणी ठेवून बाहेर आली. "अवो, एवढं डोकं कशापायी पिकवताय? मागं दिवाळीचं पाइप पडल्यात. तीन आणा आन् लावा एकापुढं एक. व्हऊद्या खरंखोटं."

त्यांना ते पटलं. दोघांनी मिळून पाइप आणले. पहिला लावला, दुसरा लावला. तिसरा टेकवला आणि हौसराव वाकलेले तसेच राहिले. पाइप डब्याच्या पुढं निघाला होता. थोडाथोडका नाही, निम्मा.

"सरकलं असंल," सिंधूबाई हळूच म्हणाली.

काही सरकलं नव्हतं. तिला दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं. अडीच पाइपांत त्यांची चोवीस पावलं मावली होती. यंत्र खरं, पाइप खरा, मोजणीही खरी. मग आखडलं काय? हौसरावांनी आपल्या पायांकडं पाहिलं. तेच पाय, त्याच वहाणा. हे कधी झालं? आपल्याला न सांगता कसं झालं?

मग त्यांची नजर मागं उरलेल्या चौथ्या पाइपावर गेली. दिवाळीत स्वतःच्या लाइनीला त्यांनी चाळीस पाइप सांगितले आणि चार उरले. चारचौघांत ते फिटरवर, रोहिदासवर, गरजले होते, "सॉकेटात पाइप पुरतं आत ठोकलं न्हाईस!" पाइपाच्या तोंडाचं सॉकेट वीतभरही नसतं, तेवढ्यानं चार पाइप कसे उरतील? त्या माणसानं नुसतं "व्हय आप्पा" म्हणून मान खाली घातली होती. त्याला तेव्हाच कळलं असणार. हौसरावांना त्याच्यापुढं, आणि त्याहून जास्त स्वतःपुढं, भयंकर लाज वाटली.

दिवस कलताना घूस पोत्याआडून निघाली. पडद्यावर बारा उमटलं, फुली सरकली, आणि पहिल्याच छर्ऱ्याला ती आडवी झाली. सिंधूबाईनं हसून पाहिलं. हौसरावांनी बंदूक खुंटीला टांगली आणि जेवायला नको म्हणाले.

सकाळी बाळासोंच्या बोअरपाशी माणसं जमली होती. रोहिदास करवत घेऊन उभा होता. बाळासो हात जोडून म्हणाले, "चला आप्पा, करा सुरुवात."

हौसरावांनी पिशवीतून शंभर फुटी टेप काढला.

"ह्ये कशाला? तुमचं पाऊल असताना?"

"माझं पाऊल आखडलंय बाळासो," हौसराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "रोहिदास, दिवाळीत तुझं जोड बराबर हुतं. मीच चुकीचं मोजलं हुतं. उगंच बोललो तुला."

रोहिदास गडबडला. "ऱ्हाऊद्या की आप्पा. तुम्हीच चला म्होरं, मी टोक धरतो."

"न्हाई. तू चाल."

टेपचं टोक अंगठ्याखाली बोअरच्या तोंडाशी दाबून हौसराव उभे राहिले. रोहिदास टेप सोडत ढेकळांतून लांब लांब टांगा टाकत निघाला, आणि माणसं त्याच्या मागं गेली. बोअरपाशी हौसराव एकटेच उरले. अंगठा घट्ट होता. ओठ मात्र पुटपुटत होते. रोहिदासच्या दर आठव्या पावलाला ते एक बोट मिटत होते.