दोन दिवसांचा उशीर

मंगळवारी दुपारी आमच्या कोर्टात कोणाचंच कामात लक्ष नसायचं. राज्याच्या उच्च न्यायालयाचे अपिलांवरचे निकाल मंगळवारी अडीच वाजता जाहीर व्हायचे. आपल्या न्यायाधीशांचा कुठला निकाल टिकला आणि कुठला फिरला, हे बघायला प्रत्येक खोलीतले कारकून संगणकाला चिकटलेले असायचे. चेहरे गंभीर, पण आतून मॅचचा स्कोअर बघावा तशी उत्सुकता.

मी आमच्या न्यायाधीश मॅडमचा स्टेनो. एकोणीस वर्षं त्यांच्या डाव्या हाताला बसून साक्षीदारांचा शब्दन् शब्द लघुलिपीत उतरवून घेतला. एवढ्या काळात त्यांचे फक्त सहा निकाल फिरले होते. आमचा पुकारा करणारा शिपाई, ज्याला त्याच्या आवाजामुळे सगळे भोंगा म्हणायचे, हा आकडा बाकीच्या खोल्यांत जाऊन ऐकवून यायचा.

सातवा फिरला तो बसड्रायव्हरचा.

एका चौकात त्याच्या बसने स्कूटरवाल्याला उडवलं होतं. स्कूटरवाल्याचा पाय गेला. ड्रायव्हर म्हणत होता, माझ्या बाजूला सिग्नल हिरवा होता. स्कूटरवाला म्हणत होता, माझ्या बाजूला हिरवा होता. दोघंही खरं बोलत असतील असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. सिग्नल बिघडून दोन्हीकडे हिरवा लागला होता का, ते सांगू शकला असता सिग्नल दुरुस्त करणारा मिस्त्री, पण त्याचं नाव साक्षीदारांच्या यादीत दोन दिवस उशिरा आलं, म्हणून मॅडमनी त्याला घेतलं नाही. ड्रायव्हरला तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यातले अकरा महिने त्याने भोगलेही.

मी निकालाची चौदा पानं छापून मॅडमच्या चेंबरमध्ये नेली. वाटेत भोंग्याने विचारलं, "किती वाईट आहे?"

"वाचवत नाही," मी म्हणालो.

मॅडम म्हणाल्या, "वाचा. मोठ्याने वाचा."

मी वाचत गेलो. नवव्या पानावर लिहिलं होतं : "उशीर दोन दिवसांचा होता, शिक्षा तीन वर्षांची. या साक्षीदाराला ऐकल्याशिवाय हा खटला पूर्ण झाला असं म्हणता येत नाही." माझा आवाज तिथे जरा उतरला.

"पुन्हा वाचा ते," मॅडम म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बरोबर आहे त्यांचं. मला तेव्हा वाटलं होतं, मुदत म्हणजे मुदत. एकदा ढील दिली की सगळेच उशिरा येतील. किती सोपं वाटलं होतं हो."

दोन दिवसांनी ड्रायव्हरला सुटकेच्या हुकमासाठी उभं केलं. खटला आता दुसऱ्या न्यायाधीशांपुढे नव्याने चालणार होता. मॅडमना फक्त चार ओळींचा हुकूम सांगायचा होता. तो सांगून झाल्यावर त्या थांबल्या आणि सरळ त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचा साक्षीदार मी ऐकायला हवा होता. ऐकला नाही, ही माझी चूक. त्यासाठी तुम्ही अकरा महिने आत राहिलात. मला त्याचं वाईट वाटतं."

माझी पेन्सिल थांबली. न्यायाधीशाने खुर्चीवरून असं बोललेलं मी तोवर कधी लिहून घेतलेलं नव्हतं. ड्रायव्हरचा वकील मान खाली घालून उगाच कागद चाळत राहिला. ड्रायव्हरला मात्र त्यातलं किती कळलं कोण जाणे. तो म्हणाला, "ते ठीक आहे मॅडम, पण मला आजच घरी जाता येईल का? एवढं सांगा."

"आजच. आत्ता."

तो गेला. मला वाटलं, विषय संपला.

त्याच संध्याकाळी मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. "तुमच्या जुन्या वह्या आहेत ना सगळ्या?"

"आहेत. मागच्या कपाटात."

"उशीर झाला म्हणून मी आणखी किती साक्षीदार परत पाठवले, ते बघायचंय. ज्यांनी अपील केलं नाही, त्यांचे."

 त्यातला एक खटला मला आठवत होता. मंगळवारी वाचतानाच आठवला होता आणि मी मूग गिळून गप्प बसलो होतो. उच्च न्यायालयात नेमणुकीसाठी मॅडमचं नाव गेलेलं होतं. अशा वेळी जुनी मढी कशाला उकरायची, असा माझा हिशेब.

तीन आठवडे आम्ही रोज कामकाज संपलं की सहापर्यंत वह्या चाळत बसायचो. माझी लघुलिपी मलाच वाचता येते, त्यामुळे मी वाचायचो आणि त्या टिपून घ्यायच्या. चार खटले निघाले. दोनांत साक्षीदार नाकारायला दुसरी सबळ कारणं होती. उरलेले दोन थेट ड्रायव्हरसारखे. एक वेल्डर, मारामारीच्या आरोपाखाली अजून तुरुंगात. दुसरी लाँड्री चालवणारी बाई, शेजारच्या दुकानाला आग लावल्याचा आरोप, दीड वर्ष शिक्षा भोगून बाहेर आलेली.

लाँड्रीवालीचं पान मी उघडलं तेव्हा मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला आठवत होतं हे."

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो मॅडम."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "मला आठवत नव्हतं, हे जास्त वाईट," आणि पान टिपून घेतलं.

या दोन खटल्यांतल्या दोन्ही बाजूंच्या वकिलांना ड्रायव्हरच्या निकालाची प्रत आणि साक्षीदार ऐकायला हवा होता असं कबूल करणारं पत्र पाठवायला जिल्ह्याच्या मुख्य न्यायाधीशांची परवानगी लागत होती. मी फाइल घेऊन मागे उभा होतो. मुख्य न्यायाधीश म्हणाले, "कोणी तक्रार केलेली नाही. अपिलाची मुदतही केव्हाच गेली. आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा? आणि तोही या महिन्यात?"

"महिना कुठलाही असता तरी मी आलेच असते, साहेब."

त्यांनी बराच वेळ कागद वाचला, मग सही केली. "तुमच्याशी वाद घालून कोण जिंकलंय?" म्हणाले.

त्या वर्षी नेमणूक दुसऱ्याच कोणाची झाली. पत्रांमुळेच का, ते मला माहीत नाही. मॅडम दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी खुर्चीवर होत्या, मी मात्र आठवडाभर घरी सगळ्यांवर डाफरत होतो.

वेल्डरला उशिराने अपिलाची परवानगी मिळाली आणि त्याचा खटला पुन्हा चालला. त्याचा साक्षीदार आला, बोलला, आणि त्याच्या बोलण्याने काडीचाही फरक पडला नाही. वेल्डर पुन्हा दोषी ठरला. या वेळी त्याने अपील केलं नाही. वकिलाला म्हणाला, "आता माझं सगळं सांगून झालं."

लाँड्रीवाली मात्र वकिलाने दिलेलं ते पत्र हातात घेऊन थेट कोर्टात आली. मॅडमनी चेंबरचं दार उघडं ठेवायला सांगितलं, सरकारी वकिलांना बोलावून घेतलं आणि मगच तिला आत घेतलं.

तिचा नाकारलेला साक्षीदार म्हणजे तिची आई. आग लागली तेव्हा मुलगी घरी माझ्याजवळ होती, एवढंच तिला सांगायचं होतं. लाँड्रीवाली आत असताना आई वारली.

"भेटीला आली की दर वेळी विचारायची," लाँड्रीवाली म्हणाली, "मला का नाही बोलू दिलं गं? मी काय उत्तर देणार?"

 मॅडम म्हणाल्या, "नाव उशिरा आलं म्हणून मी त्यांना घेतलं नाही. पण त्यांना ऐकायला हवं होतं, हे मी लिहून दिलंय."

"त्यावर शिक्का नाहीये," ती म्हणाली. "मुलगा म्हणतो, शिक्का नसेल तर खोटं."

शिक्के मारायचं काम खरं तर कारकुनाचं. मॅडम स्वतः उठल्या, बाहेरच्या टेबलावरून शिक्का आणला आणि नीट दाबून मारला. शाई वाळेपर्यंत तिने तो कागद दोन्ही हातांत आडवा धरून ठेवला होता.

तिने अपील केलं. आईने मरण्यापूर्वी वकिलाला लिहून दिलेला सहीचा जबाब फाइलमध्ये होता, तो न्यायालयाने विचारात घेतला. सात महिन्यांनी एका मंगळवारी यादीत तिचा निकाल आला : शिक्षा रद्द, आरोपातून मुक्त. भोंग्याने ते जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं.

मी तिला फोन लावला. मागे इस्त्रीची वाफ फसफसत होती. "वाचा," ती म्हणाली. "सगळं वाचा. मी काम करत ऐकते." सहा पानं होती. मी वाचू लागलो. चौथ्या पानावर वाफेचा आवाज थांबला.

शेवटपर्यंत पोचलो तेव्हा ती म्हणाली, "आता स्पीकरवर टाकते. दुकानात चार जण उभे आहेत. पुन्हा पहिल्यापासून वाचाल?"

एका हातात फोन, दुसऱ्या हाताने पानं मागे घेताना माझी तारांबळ उडाली. तेवढ्यात मॅडम चेंबरमधून बाहेर आल्या, माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या, कागद आपल्याकडे ओढून पहिलं पान माझ्यासमोर धरलं. मी वाचत गेलो, त्या माझ्यासाठी पानं उलटत राहिल्या.