हौदावरची समता

फक्कीच्या पांढऱ्या रेघांवरून दगडाबाईची मेंढरं सरळ चालत गेली आणि आमच्या गावाचा नियोजित संविधान स्तंभ पुसला गेला.

"दगडाबाई, डोळे हायत का गारगोट्या?" राधाकिशन ओरडला. "सकाळधरनं मापं टाकायलोत आमी."

"मापं टाकायच्या आदी मेंढरांला इचारायचं व्हतं," दगडाबाई म्हणाली. "त्येंचं पाणी हाय हितं."

"हितं समता अन् बंधुता बसणार हाय. हौद पाडावा लागंल."

"बसू द्या की. पन जितराबानं प्यावं कुठं?"

"तुझी मेंढरं मतदार हायत का?"

मिस्त्री हसला. मीही हसलो असेन. मोठ्या माणसांच्या विनोदाला हसायची मला सवय आहे. राधाकिशन म्हणजे आमच्या सरपंच वनमालाबाईंचे यजमान. सह्या त्या करतात, बाकी सगळं हे करतात. सरपंचपती हे पद मी घटनेत पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. पण माझं वाचनच तोकडं असेल. जन्मभर शाळेत मुलांकडून उद्देशिका म्हणून घेतली, म्हणून स्तंभावरची अक्षरं तपासायला त्यांनी मला बोलावलं होतं. मान मिळाला की मी फार प्रश्न विचारत नाही.

शाळेपाशी मोकळी जागा होती. पण ती चकलांब्याच्या रस्त्यावरून दिसत नाही, आणि न दिसणारी समता राधाकिशनच्या काय कामाची? हौद मात्र अगदी फाट्यावर. गावविहिरीचं पाणी त्यात येतं. तो गेला तर उन्हाळ्यात दगडाबाईला मेंढरं घेऊन गाव सोडावं लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच कुणी बोलत नव्हतं.

संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"गुरुजी, नगं म्हनायचं असंल तर कुठं म्हनत्यात?"

"ग्रामसभेत. सव्वीस जानेवारीला आहे. पण शंभर माणसं जमावी लागतात. नाही जमली तर सभा तहकूब."

"मग?"

"मग पुन्हा भरते. त्या वेळी मात्र चार माणसं असली तरी चालतं. तीच मंजूर करतात."

"म्हंजी लोक न्हाई आले की काम सोपं व्हतं."

"कायदा तसा आहे."

आणि जानेवारीत आमच्याकडे लोक असतात कुठं? निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला कारखान्यांवर. उरलेले म्हातारे, आजारी आणि जमीनवाले. राधाकिशनला प्रजासत्ताक दिन इतका का आवडतो, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"तुमी बोलाल का सभेत?" तिनं विचारलं.

"मला चारचौघांत जमत नाही."

"बरं, मानसं कशी आनायची तेवढं तरी सांगा."

मी म्हणालो, लोकांना त्यांच्या कर्तव्याची जाणीव करून द्यावी. तिनं माझ्याकडे फार मायेनं पाहिलं आणि उठून गेली.

कपाशी निघून रानं मोकळी झाली होती. अशा रानात मेंढरं रात्रभर बसवली की लेंडीखतानं जमीन हसते, म्हणून या दिवसांत जो तो दगडाबाईच्या मागे असतो. तिनं घरोघर निरोप धाडला: जो सभेला येईल आणि सभा उठेस्तोवर बसेल, त्याच्या रानात मेंढरं आधी. आमच्या आळीतल्या धुळाजीनं जन्मात ग्रामसभा पाहिली नव्हती. तो विचारत होता, "बायकूला आनलं तर दोन राती बसवती का?"

मला राहवलं नाही. "बाई, हे आमिष झालं."

"विलेक्शनला राधाकिशननं मटन घातलं तवा तुमी पंगतीला व्हताव की."

"मी नुसता रस्सा घेतला होता."

"त्यो रस्सा माझ्याच मेंढ्याचा व्हता, गुरुजी."

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, जिलेबी झाली, मी उद्देशिका वाचली. एरवी 'आम्ही, भारताचे लोक' म्हणेपर्यंत भारताचे लोक जिलेबी खाऊन पांगलेले असतात. यंदा कुणी हलेना. उलट येतच राहिले.

"एवढी गर्दी कशी झाली रं?" राधाकिशननं ग्रामसेवकाला हळूच विचारलं.

"जागृती आली असंल, साहेब," ग्रामसेवक म्हणाला. तहकुबीचा शब्द त्याला गिळावा लागला होता.

राधाकिशननं लोकशाहीवर मोठं भाषण केलं. आपल्या गावात एक महिला सर्वोच्च पदावर बसून सभेची अध्यक्ष आहे, हेही अभिमानानं सांगितलं. मग म्हणाला, "तर स्तंभ फाट्यावर. मंजूर हाय ना? मंजूर."

"न्हाई मंजूर," दगडाबाई उठून म्हणाली. "खांब शाळेपाशी करा. हौद ऱ्हाऊ द्या."

"संविधानाला इरोध करतीस?"

लेंडीखत एकीकडे आणि एवढा मोठा शब्द दुसरीकडे. लोक माझ्याकडे पाहू लागले, कारण उद्देशिकेचा कागद अजून माझ्याच हातात होता. मी उभा राहिलो. न्याय, स्वातंत्र्य, पुष्कळ काही बोलायचं मनात होतं. तोंडातून एवढंच आलं: "शाळेपाशी जागा आहे." आणि खाली बसलो.

"गुरुजी म्हनत्यात जागा हाय," धुळाजी जोरात म्हणाला.

तेव्हा वनमालाबाई पहिल्यांदा बोलल्या. "हात मोजा."

"तू गप ऱ्हा गं."

"अध्यक्ष मीच हाय. आत्ताच म्हनलात की तुमी."

हात वर झाले. धुळाजीनं दोन्ही केले, त्यातला एक खाली घ्यायला लावला. तरी हौद वाचला.

पण राधाकिशन हरणाऱ्यातला नव्हे. पुढच्याच आठवड्यात त्यानं हौदाला तिरंगी रंग दिला, चारी बाजूंना न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता लिहवून घेतलं, आणि 'लोकशाही हौद, संकल्पना राधाकिशन' अशी पाटी लावून फीत कापली. फोटोत दगडाबाई नव्हती. अक्षरं मीच तपासली. शुद्ध होती.

परवा सांजेला तिकडून येत होतो. मेंढरं पाण्यावर आली होती. समतेच्या बाजूला तिचा थोरला एडका आडवा उभा, दुसऱ्या कुणाला तोंड लावू देईना. कोकरं मागं ताटकळलेली. दगडाबाईनं काठी घातली तसा तो दोन पावलं सरला आणि कोकरं आत घुसली.

"कालही हाच होता ना?" मी विचारलं.

"रोजच असतोय," ती म्हणाली. एडका पुन्हा वळून येत होता. तिनं काठी खाली ठेवली नाही.