तेआहुपोचा मंगळवार

ताहिती बेटावर तेआहुपो नावाची लाट आहे. खोल समुद्रातून येते आणि पोवळ्यांच्या खडकावर एकदम फुटते. खडकावर पाणी जेमतेम कमरेइतकं. फळीवर उभं राहून ती चढणारे जगभरातून येतात; काही मेलेही आहेत. माझा मुलगा नचिकेत त्या पाण्यात पोहत फोटो काढतो. तो कुवेतमध्ये वाढला, फिंतासच्या सपाट समुद्रात पोहायला शिकला.

दोन हजार चारच्या मे महिन्यात उल्का, माझी बायको, गेली. वर्षश्राद्ध होईपर्यंत त्या पाण्यात उतरायचं नाही, असं मी नचिकेतला सांगितलं होतं. एकुलता एक मुलगा. त्याला काही झालं तर तिला पिंड कोण देणार, हे मी बोलून दाखवलं होतं. त्यानं ऐकलं.

पुढच्या मे महिन्यात, एका गुरुवारी त्याचा फोन आला. मोठी लाट मंगळवारी येणार होती, आणि स्पर्धा त्याच दिवशी. मुंबईच्या कॅलेंडरात तिथी बुधवारी होती. मी तसं सांगितलं. तो बरं म्हणाला. मला सुटल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी सुट्टी, म्हणून श्राद्धाचं सामान ठरवायला कुवेतमधल्याच फरवानियाला हरिश्चंद्रकडे गेलो. तो मालवणकडचा सुतार. इथे भटजी नाहीत, आमच्यातल्या लोकांचं श्राद्ध तोच सांगायचा. नचिकेत त्याच दिवशी तिकडे करणार, असं मी म्हटलं. ताहिती कुठे आहे ते त्यानं विचारलं. मी घड्याळातला फरक सांगितला: आपल्याकडे बुधवारची सकाळ असते तेव्हा तिकडे मंगळवार संपलेला नसतो.

तो हसला. "साहेब, इंजिनिअर तुम्ही काय मी? तिथी चंद्रान ठरता, कॅलेंडरान नाय." मग पंचांग काढून त्यानं तास मोजले. तिकडे तिथी मंगळवारीच होती.

गाडीत बसून मी विचार केला. काही बोललो नाही तर मुलगा मंगळवारी किनाऱ्यावर राहील. श्राद्ध चुकीच्या दिवशी होईल, पण ते मला आणि सुताराला सोडून कुणाला कळणार नव्हतं. उल्का तिथीच्या बाबतीत कडक होती. माझ्या आईचं श्राद्ध तिनं तापात असतानाही पुढे ढकललं नव्हतं.

रात्री आठला फोन लावला. तिकडे सकाळचे सात वाजले होते.

"तिकडे तिथी मंगळवारी आहे," मी म्हणालो.

"म्हणजे सकाळी केलं तर..."

"हो. मग जा."

"बाबा, आर यू शुअर?"

"हरिश्चंद्रनं दोनदा मोजलंय."

बुधवारी सकाळी मी फिंतासच्या घरी श्राद्ध केलं. हरिश्चंद्र सांगत होता तसं करत गेलो. नचिकेत तोवर पाण्यात जाऊन आलेला असणार होता. फोन दुपारी आला. लाटेनं त्याला खाली नेलं होतं, पाठ पोवळ्यावर घासली, अकरा टाके पडले. कॅमेरा गेला.

मी विचारलं, "पिंड नीट झाले?"

तो हो म्हणाला. मग मी टाक्यांचं विचारलं. उल्कानं आधी टाक्यांचंच विचारलं असतं.