डाव्या हाताचे हिमफूल

मार्गशीर्षातली पाचगणी. दरीत कृष्णा धुक्याची दुलई ओढून निजलेली, आणि त्या धुक्यावर कोवळे, केशरी, काचेसारखे ऊन. सिल्व्हर ओकच्या उंच रांगा रुपेरी पाने उलटीपालटी करीत वाऱ्याशी कुजबुजत होत्या. उतारावरचे स्ट्रॉबेरीचे वाफे दवाने डबडबले होते. आणि एका बैठ्या, कौलारू घराच्या व्हरांड्यात, उन्हाच्या पहिल्यावहिल्या पट्ट्यात, हेमलता पारधे धाग्याशी झुंजत होती.

शुभ्र धागा. बोटभर लांबीचे, होडीच्या आकाराचे शटल. आणि एकच हात.

उजवा हात होता तसाच होता. चपळ, चतुर, मिशनच्या शाळेत मुलींच्या तीन पिढ्यांना शिवणटिपण शिकवलेला. डावा मात्र मांडीवर निपचित पडून होता. श्रावणातल्या एका सकाळी त्या हातातून चहाचा कप गळून पडला, आणि त्यानंतर त्या हाताने काही धरले नाही. पाय हळूहळू वळणावर आला, जीभ सरळ झाली, हसू तर सर्वांच्या आधी परतले. हात तेवढा परतला नाही.

चर्चच्या मंडळीत ज्या वर्षी जे बाळ जन्मेल, त्याच्या नावाने तिथल्या नाताळच्या झाडावर हेमलताबाईंचे एक हिमफूल झुलायचे. टॅटिंगच्या, म्हणजे शटलने विणायच्या लेसच्या, नाजूक गाठींचे, सहा पाकळ्यांचे, तळहाताएवढे. खरा हिमवर्षाव तिने जन्मात पाहिला नव्हता; पण तिच्या बोटांतून दर डिसेंबरला हिम झरायचे, मऊ, मूक, मोजून सहा पाकळ्यांचे.

यंदा मंडळीत एकच बाळ जन्मले होते. तिची स्वतःची नात.

"आई, पुण्याहून आणते ना मी एखादं," रूथ, तिची मुलगी, बाळाला थोपटत म्हणाली होती. "कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," हेमलता म्हणाली. "माझ्या नातीचं फूल मी करणार. कसं, ते विचारू नकोस. ते मलाही अजून कळायचंय."

बाप्तिस्मा नाताळच्या आदल्या रविवारी होता. हाती तीन आठवडे होते.

तिने धागा दातांत धरून पाहिला. उशीला टाचणीने टोचून पाहिला. खुर्चीच्या हाताला बांधून पाहिला. पण टॅटिंगची गाठ मोठी मानी. शटल धाग्याखालून जाते, धाग्यावरून येते, आणि मग एक क्षण, एकच क्षण, डाव्या हाताने आपला धागा सैल सोडायचा असतो. तेव्हाच गाठ कूस बदलते. एका धाग्यावरची दुसऱ्यावर जाते आणि मोत्यासारखी सरकू लागते. तो क्षण हुकला की गाठ जागच्या जागी आवळते आणि मग पाकळीचा वळसा ओढून मिटवता येत नाही. उशीला ओढता येते, ताणता येते. उशीला सैल होता येत नाही.

दावीदराव, तिचे यजमान, उंबऱ्यात बसून मटार सोलत होते. एसटी चालवण्याची तीस वर्षे त्यांच्या खांद्यांत साचलेली. वाई ते महाबळेश्वर, घाट चढायचा, घाट उतरायचा. श्रावणापासून त्यांनी घरातले सगळे अंगावर घेतले होते, स्वयंपाक, धुणे, तिची वेणी. फक्त या धाग्याकडे पाहायचे ते टाळत. तिचे हरणे पाहायला लागेल, ही एकच धास्ती त्यांच्या मनात दबा धरून बसली होती.

"अहो," ती म्हणाली, "मटार ठेवा बाजूला. डावा हात द्या तुमचा."

"माझा?" त्यांनी स्वतःच्या पंजाकडे पाहिले. रुंद, राकट, नखांपाशी ग्रीसची जुनी काळी रेघ न पुसलेला. "अगं, ह्या हातात सुईसुद्धा दिसत नाही."

"सुई नाहीच धरायची. धागा धरायचा. या, इकडे बसा."

ते तिच्या डाव्या अंगाला, अगदी खेटून बसले. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते इतके जवळ बसले नव्हते.

तिने त्यांच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धागा दिला, बोटांमागून फिरवून पुन्हा चिमटीत आणला. शुभ्र, सडपातळ धाग्याचा एक वळसा त्या राकट बोटांभोवती थरथरत उभा राहिला. तिचे शटल खालून गेले, वरून आले.

"सोडा."

"सोडलं तर सुटेल."

"सुटणार नाही. दुसरं टोक मी धरलंय."

त्यांनी सोडले नाही. गाठ आवळली. कात्री चालली.

पहिल्या दिवशी अकरा वेळा कात्री चालली. दुसऱ्या दिवशी किती, ते कुणी मोजले नाही. व्हरांड्याच्या फरशीवर पांढऱ्या तुकड्यांचा सडा पडला. दावीदरावांच्या कपाळावर त्या बोचऱ्या थंडीत घाम दाटला, आणि हेमलता शांत, निश्चिंत, प्रसन्न. प्रत्येक वेळी नवा धागा, प्रत्येक वेळी तोच शब्द.

"सोडा."

पाचव्या सकाळी, शटल वर येता येता, ते एकदम थांबले.

"थांब. हे गियरसारखं आहे का? जुन्या गाडीचा गियर ओढून पडत नाही. क्लच दाबायचा, हात ढिला ठेवायचा, क्षणभर वाट बघायची. मग तो आपोआप पडतो."

तिने शटल पुन्हा नीट धरले. मग हसली. "मग टाका की गियर."

शटल खालून गेले. वरून आले. त्या जडशीळ बोटांनी श्वास सोडावा तसा धागा सोडला. तिने आपला ताणला. आणि गाठीने कूस बदलली, टप्, इतक्या हळू की कानांना नव्हे, बोटांनाच ऐकू यावे.

"पडला!" दावीदराव ओरडले. आतल्या खोलीत बाळ दचकून रडू लागले.

मग दिवस गाठीगाठीने सरले. ताण, सैल, ताण, सैल. ती ओढी, तो सोडी. तो धरी, ती फिरवी. कोण डावा, कोण उजवा, हे धाग्याला ठाऊक नव्हते. पहिली पाकळी मिटली, दुसरी मिटली. पाकळीच्या कडेला इवल्या फासांची झालर उमलली. तिसरी. चौथी.

पाचव्या पाकळीत, बाप्तिस्म्याला दोनच दिवस उरले असताना, एक गाठ अडली. पाकळी अर्धी मिटली आणि रुसून बसली.

"राहू दे," दावीदराव कासावीस होऊन म्हणाले. "इतकुसा दोष कुणाला दिसतोय? कापलंस आणि सगळंच उसवलं तर?"

"कापा."

"हेमा..."

"भरल्या गाडीनं पावसाळ्यात घाट उतरलेली माणसं तुम्ही. अन् धाग्याला भिता?" तिने कात्री त्यांच्या हाती दिली. "नेमकं इथं. बाकीच्या चार पाकळ्या कुठं जात नाहीत. मी बांधलेल्या आहेत त्या." मग शब्द बदलून म्हणाली, "आपण."

त्या एका शब्दासरशी त्यांनी कात्री नेमकी त्या गाठीवर टेकवली. त्यांनी कापले. चार पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत.

शनिवारी दुपारी सहावी पाकळी पहिलीला जाऊन मिळाली. हेमलताने फूल साबुदाण्याच्या पातळ खळीत भिजवले, दावीदरावांनी ते पाटावर टाचण्यांनी ताणून बसवले, आणि ऊन त्याला वाळवीत बसले. संध्याकाळी टाचण्या निघाल्या तेव्हा ते ताठ उभे राहिले. शुभ्र, सुबक, षड्दल. कापल्यावर नवा धागा जिथे जोडला, तिथे दोन गाठी किंचित जाड होत्या. हेमलताने त्यांवरून बोट फिरवले आणि समाधानाने मान हलवली.

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडले, नाव उच्चारले: अन्वी. सुरूच्या हिरव्या झाडावर हेमलताने उजव्या हाताने फूल धरले, दावीदरावांनी डाव्या हाताने दोरी, आणि दोघांच्या दोन हातांनी मिळून, कुणी कुणाला काही न सांगता, गाठ बांधली.

खिडकीतून ऊन आत आले. तिरपे, तलम, तेजाळ. फूल हळूच फिरले. त्याची सहा पाकळ्यांची सावली भिंतीवरून उतरली, रूथच्या खांद्यावरून ओघळली, आणि निजलेल्या अन्वीच्या ओल्या कपाळावर येऊन, पाण्याच्या न सुकलेल्या थेंबांवर, अलगद, अलगद टेकली.